आमच्या विहिरीतली कासवी

अकोटजवळच्या आमच्या शेतातल्या विहिरीत सासऱ्यांनी एक कासव सोडलं होतं, माझ्या लग्नाच्याही आधी. कासव असलं की पाणी स्वच्छ राहतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. मीही मानायचे. भाकरीचे तुकडे टाकायचे आणि पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचे.

गेल्या मे महिन्यात विहिरीचा गाळ काढला, तेव्हा ते पहिल्यांदा धड दिसलं. परातीएवढं, पाठ चामड्यासारखी मऊ. मी फोटो स्टेटसला ठेवला काय, दुसऱ्या दिवशी कासवांचं काम करणारे एक सर वनविभागाच्या साहेबांना घेऊन थेट अमरावतीहून जीपनं आमच्या बांधावर हजर! मला तर काही सुचेना. ही मादी आहे, ही जात आता फार थोडी उरली आहे, असं सर सांगत होते. सांगता सांगता त्यांनी गाळातून एक पांढरी गोळी उचलली.

"ताई, हे हिचं अंडं. वाळू नाही म्हणून पाण्यातच टाकते, अन् सगळी कुजतात. पुढच्या महिन्यात पुन्हा घालेल. त्याआधी नदीत गेली पाहिजे."

बादलीतून वर येणाऱ्या असल्या गोळ्या मी दर खेपेला चुन्याचे खडे समजून कढीपत्त्याच्या बुडाशी टाकल्या होत्या. माझा मलाच असा संताप आला, काय सांगू.

पण सासरे अडून बसले. "कासव गेलं का विहिरीचं पाणी गेलंच समजा." साहेब कायदा सांगत राहिले, सासरे विहिरीच्या काठावरून हलेनात.

मग माझं डोकं फिरलं. मी सासऱ्यांना म्हटलं, "मामाजी, माह्या बाळंतपणाच्या वक्ताले कापूस वेचायचा पडला होता. तरी तुमी मले एसटीनं धारणीले माहेरी नेऊन सोडलं. काहून?"

त्यांनी टोपी नीट केली. मग म्हणाले, "जीप इकडं घ्या."

पूर्णेच्या काठी तिला वाळूवर ठेवलं. तिनं लांब मान काढली, थोडं थांबली आणि सरसर पाण्याकडे निघाली. मी या वयात टाळ्या पिटत होते, डोळेही भरले होते. तेवढ्यात त्याच वाळूवर रेती भरायला एक ट्रॅक्टर उतरला. साहेबांनी त्याला हुसकावलं.

"उद्या पुन्हा येईल तो," सर म्हणाले.

आम्ही जीपमध्ये बसलो. सासरे आलेच नाहीत. वाळूत मांडी घालून बसले होते. मी हाक मारली, तर मागं न बघता म्हणाले, "सूनबाई, माही भाकर आता इथंच आणत जाय."