मॅच रंगली की हलायचं नाही

माझं जे काही बरं झालं ते आमच्या घरमालकीण मावशींमुळे, हे आधी सांगून टाकते. काय झालं ते मागून येईलच. अख्ख्या रायपुरात मावशींइतकी पळणारी बाई नाही, आणि मावशींइतकी एका जागी खिळून राहणारी बाईही नाही. साखर वाढली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, “रोज थोडं चालत जा.” त्यातलं ‘थोडं’ आणि ‘चालत’ मावशींनी दवाखान्यातच ठेवलं आणि ‘जा’ तेवढं घरी आणलं. साठीला टेकलेली बाई, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, दुपट्ट्याची कमरेला गाठ, मंगळसूत्र उडू नये म्हणून कुडत्याला सेफ्टीपिनेने टाचलेलं, आणि उन्हाळ्यात लू लागू नये म्हणून खिशात एक कांदा. भाजी आणायलाही पळतच जायच्या आणि हातगाडीपुढे जागच्या जागी उड्या मारत “टमाटर कैसे दिये भैया?” विचारायच्या. त्या भाजीवाल्याला गरगरायचं, तो म्हणायचा, “माताजी, जो देना है दे दो, बस खड़ी हो जाओ.” पळणारी बाकीची मंडळी रंगीत पाण्याच्या बाटल्या आणत. मावशी रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी त्यात मीठ घालत, कांदा तोंडी लावत, आणि वरचं पाणी गटागटा पिऊन म्हणत, “छत्तीसगडात राहून बासी नाही खाल्ली तं पायात ताकद येईन कुठून?”

हे झालं पळण्याचं. खिळून राहण्याचं कारण म्हणजे मॅच. मावशींचा एकच नियम होता: आपल्या टीमचं बरं चाललं की घरात कुणी हलायचं नाही. काका रेल्वेतून रिटायर झालेले, फार सोशिक माणूस. एकदा ते बल्ब बदलायला स्टुलावर चढले आणि तेवढ्यात आपल्या दोन फलंदाजांची जोडी जमली. जोडी फुटेपर्यंत काका बल्ब हातात घेऊन स्टुलावरच. छत्तीसगड या नव्या राज्याची टीम हरली तर मात्र मावशी रागवायच्या नाहीत. “राज्य नवं, टीम नवी. लेकरू चालायले लागलं की पडतेच,” म्हणायच्या.

माझी त्यांची ओळखही अशीच झाली. मी आर्णीकडच्या खेड्यातली. आठवीपुढची शाळा दुसऱ्या गावी, तिकडे एसटी नाही, म्हणून शिकणं संपलं. मग लग्न, मग एकदम रायपूर. पंडरीच्या कापडबाजारामागच्या गल्लीत मावशींच्या घराची मागची खोली आम्ही भाड्याने घेतली. आमचे हे उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात, एका रोलिंग मिलमध्ये शिफ्टवर. मी दिवसभर दाराला कडी लावून बसायची. गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता होता आणि तो मला एकटीला ओलांडता यायचा नाही, हे आता लिहितानाही हसू येतं, पण तेव्हा मी कडेवरूनच माघारी फिरायची. एक दिवस धीर करून वाटी घेऊन मावशींकडे विरजण मागायला गेले. मी उंबऱ्यात पाय टाकला आणि टीव्हीवर षटकार. “हलू नको पोट्टे! तिथंच राह्य!” मावशी ओरडल्या. तासभर मी वाटी घेऊन दारात. मॅच जिंकली. त्यानंतर दर मॅचला मला हाक यायची, आणि मी वाटीसकट जाऊन दारात उभी राहायची. दही काही त्या महिन्यात लागलं नाही, पण शहरात आपलं कुणी वाट पाहतं, एवढं कळलं.

पुढे मावशींनी मला पहाटे पळायला न्यायला सुरुवात केली. मी त्यांच्या दुपट्ट्याचं लोंबतं टोक मुठीत धरून मागे धावायची. चौक आला की डोळे मिटायची. “काहून घाबरून राहिली? रस्ता काय तुले खाते का?” त्या पुढूनच विचारायच्या. त्याच सुमारास पंडरीतल्या एका साडीच्या दुकानात मला फॉल-पिकोचं काम मिळायचं होतं. शिवण मला येत होती, शेठला हातही पसंत होता. अडचण एकच, रोज एकटीने जायचं. “सोमवारी येते का नाही ते सांग,” शेठ म्हणाला होता. मी ‘नाही’ म्हणायचं ठरवलं होतं, आणि ते यांनाही सांगायची हिंमत होत नव्हती.

त्या सोमवारच्या आधीच्या रविवारी शहरात मोठी दौड होती. मैदानातून निघायचं, तलावाला वळसा घालायचा, परत मैदानात. मावशींनी मला न विचारताच माझं नाव दिलं होतं. छातीवर नंबर, मुठीत दुपट्टा, असे आम्ही निघालो. तलाव मागे पडला आणि रस्त्याकडेला एक चहाचं हॉटेल आलं. आत टीव्ही चालू. न्यूझीलंडला मॅच होती, तिकडे दिवस लवकर उगवतो. मावशी पाणी मागायला एक पाय पायरीवर ठेवून, एक हात वर करून उभ्या राहिल्या आणि नेमका चौकार गेला. झालं! मावशींचा पुतळा झाला.

“मावशी, चला ना.”

“मले हालवू नको. दोघंबी सेट झाले आहेत.”

“माताजी, दौड़ तो आगे निकल गई,” हॉटेलवाला म्हणाला.

“निकलने दो. स्कोर बताओ.”

मीही थांबले. तेवढ्यात मावशींची नजर माझ्या पायांकडे गेली. “तू काहून थांबली? चौका लागला तवा तू पळून राहिली होती! तू थांबली तं हा आऊट होते! सोड दुपट्टा, पळ!”

“एकटी?”

“मग काय त्याले आऊट करतं?”

मी सुटले. चौक आला, पण डोळे मिटायला वेळ कुठे होता, मला सगळ्या देशाची जोडी सांभाळायची होती. एका पोलिसाने शिट्टी मारली, “भैया, रुक नहीं सकती!” म्हणत मी पुढे. रस्ता फुटला तिथे कुणाला तरी “मैदान किधर?” विचारलं, पाय हलवतच विचारलं. मैदानात पोचल्यावरही थांबायची भीती. एका पोरीने गळ्यात मेडल घातलं तेव्हा मी तिच्यापुढे उड्याच मारत होते.

बऱ्याच वेळाने मावशी रिक्षातून उतरल्या. “जिंकलो! कुठं थांबली तं नाही ना?”

“नाही.”

“मग बराबर.” दौडीबद्दल एक शब्द नाही.

सोमवारी त्या बूट घालून दारात आल्या, “चाल, दुकानापर्यंत सोडते.” मी म्हटलं, “मी जाते, मावशी.” आणि गेले. आज त्याच दुकानात दोन मशीनी माझ्या हाताखाली आहेत. मावशींनी हे मुद्दाम केलं का, असं मी एकदा काकांना विचारलं. काका म्हणाले, “छे गं! मॅच चालू असली की तिले माझी आठवण नसते, तुझी काय राहीन?” मला काकांचं खरं वाटतं. तरी उपकार तो उपकारच.

आता मावशींचे गुडघे गेले. भिंत धरून त्या अंगणापर्यंत येतात, पळणाऱ्या पोरांना बघतात आणि कुणाचा पाय वाकडा पडतो ते मला सांगतात. ती दौड मात्र त्यांची अर्धीच राहिली. त्या हॉटेलच्या पायरीपासून मैदानापर्यंतचा रस्ता त्यांनी रिक्षात बसून केला, आणि ‘रिक्षातलं मेडल काय कामाचं’ म्हणून कधी मागितलंही नाही. मावशी, एखाद्या सकाळी, मॅच नसेल तेव्हा, मी तुम्हाला त्या पायरीशी नेईन. दर झाडाखाली बसू, चहा पिऊ, दुपार झाली तरी होऊ दे. पण तो उरलेला रस्ता मी तुम्हाला चालवून पुरा करीन.