बारा चाळीसची सावली

माझं अक्षर चांगलं आहे. लहानपणापासून सगळे तसं म्हणत आले आणि मीही त्याचा तोरा मिरवत आलो. पण त्या अक्षरात लिहिलेली एक ओळ आठवली की आजही जीव खाली-वर होतो. ओळ अशी होती: ‘सर्वांत आखूड सावली दुपारी बारा वाजता. गुण पाच.’

सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी नगरच्या एका अध्यापक विद्यालयात विज्ञान आणि भूगोल शिकवत होतो. वय अठ्ठावीस, पदवी पहिल्या वर्गातली आणि स्वतःवर भलताच खूश. त्या सुमारास वरून हुकूम आला, की मुलांना विज्ञान नुसतं पाठ येतं की करताही येतं, हे जिल्ह्यातल्या काही शाळांमध्ये जाऊन तपासायचं. नीट बघता येतं का, मोजता येतं का, बघितलेल्यातून काही काढता येतं का. तीच चाचणी त्या वर्गाच्या शिक्षकालाही द्यायची होती. आमच्या मोठ्या साहेबांनी चाचणी तयार करायचं काम माझ्यावर टाकलं, आणि मी हरखून गेलो.

त्या काळी शाळाशाळांतून प्रयोग कसे व्हायचे ते मला ठाऊक होतं. साहित्याची पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, कारण काही फुटलं तर जाब शिक्षकाला. प्रयोगवहीत कृती, निरीक्षण आणि अनुमान असे तीन मथळे असत, आणि गुरुजी तिन्ही सांगत नि मुलं तिन्ही उतरवून घेत. न पाहिलेल्या गोष्टीचं निरीक्षण सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असे. मला याची चीड होती. म्हणून चाचणीच्या कागदावर सगळ्यात वर मी ठळक लिहिलं, ‘जे दिसेल तेच लिहावे.’

पाच प्रश्न होते. पानांचे गट पाडणं, भांड्यातलं पाणी मोजणं, असेच. शेवटचा प्रश्न माझा लाडका होता. मैदानात मीटरभर काठी सरळ रोवायची. सकाळी अकरापासून दुपारी एकपर्यंत दर पाच मिनिटांनी तिची सावली मोजायची आणि सर्वांत आखूड सावली किती वाजता पडली ते लिहायचं. साहित्य काही नको, फुटायचं काही नाही. प्रश्न लिहिला आणि त्याच बैठकीत उत्तरसूचीही लिहून टाकली. काठी रोवून बघावं असं माझ्या मनातही आलं नाही. बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो, यात बघायचं काय, असंच मला वाटलं.

नाताळच्या सुमारास कोपरगावला गेलो. मोठी शाळा, स्वच्छ गणवेश, उसाच्या पट्ट्यातली खाऊनपिऊन सुखी मुलं. शिक्षकांना मात्र आपली परीक्षा घेतली जाणार याचा राग आला होता, आणि तो त्यांनी चहाबरोबर नीट गिळला. मुलं काठीभोवती बसली आणि मी वऱ्हांड्यात खुर्ची टाकून इतर पेपर चाळत बसलो. एक वाजता कागद गोळा केले तेव्हा डोळे निवले. चाळीसच्या चाळीस मुलांनी बारा लिहिलं होतं. बारापर्यंत सावली बेताबेतानं उतरत आलेली आणि बारानंतर तशीच चढत गेलेली, असे सुबक तक्ते होते. शिक्षकांच्या कागदावरही तेच होतं. मी शेरा लिहिला, ‘निरीक्षणकौशल्य उत्तम.’ चाळीस मुलांनी वेगवेगळ्या पट्ट्यांनी मोजलेलं इतकं तंतोतंत कसं जुळेल, असा प्रश्न माझ्या पदवीला पडला नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात राजूरला उतरलो. तिथून डोंगरात पाच मैल चालत एका वाडीतली शाळा गाठायची होती. तीन शिक्षकांची शाळा, सातवीत तेरा मुलं. सातवीचे गुरुजी पस्तिशीचे, सडसडीत, बोलायला मोकळे. ते मूळचे मिरजगावचे, म्हणजे जिल्ह्याच्या अगदी दुसऱ्या टोकाचे. घरी जायचं तर एसटी बदलत बदलत अख्खा दिवस मोडायचा. सहा वर्षं ते या डोंगरात होते. बायको आणि लहान मुलगा गावी, आणि आईच्या डोळ्यांत पडदा आलेला. या चाचणीत ज्यांचं काम चांगलं दिसेल त्यांना विज्ञानाचे मार्गदर्शक करून त्यांच्या तालुक्यात बदली द्यायची, असं परिपत्रकात होतं. गुरुजींनी ते परिपत्रक घडी घालून खिशातच ठेवलं होतं. त्यांनी ते मला दाखवलं आणि जराशा संकोचानं म्हणाले, की आईची नजर पुरती जायच्या आत तिच्याजवळ राहायला मिळालं तर बरं होईल.

मला तो माणूस आवडला होता, हे मुद्दाम सांगतो. त्यांच्या वर्गात कपाटाला कुलूप नव्हतं. मुलांच्या वह्यांत खाडाखोड होती आणि एकाचं निरीक्षण दुसऱ्याशी जुळत नव्हतं. मनातल्या मनात मी याला गबाळेपणा म्हटलं.

अकरा वाजता काठी रोवली. गुरुजींनी तिला दोरीला बांधलेला दगड लावून ती सरळ आहे की नाही ते दोन बाजूंनी पाहिलं. त्यांनी सकाळी रेडिओवर लावलेलं घड्याळ माझ्या घड्याळाशी ताडून घेतलं. दोन्ही बरोबर होती. मग ते आपला कागद घेऊन मुलांपासून लांब, दुसऱ्या काठीशी जाऊन बसले. मी थोडा वेळ उभा राहिलो. पावणेबाराला गावच्या पाटलांचा माणूस बोलवायला आला. साहेब आले म्हणून कोंबडी कापली होती. डोंगर चढून भूक लागलेली, आणि उत्तर काय येणार ते मला माहीतच होतं. देखरेखीला दुसऱ्या गुरुजींना बसवलं आणि मी जेवायला गेलो.

सव्वाला परत आलो, पोट भरलेलं. कागद पाहिले आणि डोकं भडकलं. कुणी बारा पस्तीस लिहिलेलं, कुणी बारा चाळीस, दोघातिघांनी पाऊण. बारा एकानंही नाही. गुरुजींच्या कागदावर बारा चाळीस होतं. मला वाटलं, ही मुलं बारा वाजता कुठंतरी उंडारत होती आणि मागाहून येऊन त्यांनी एकमेकांचं बघून काहीतरी ठोकून दिलं. मी तसं बोललोही, मुलांसमोरच. मुलं खाली बघत राहिली.

गुरुजी शांतपणे म्हणाले, की पोरं जागची हलली नाहीत, दुसरे गुरुजी साक्षीला आहेत. मी म्हणालो, मग पुस्तक खोटं आणि तुम्ही खरे का?

“साहेब, पुस्तकाचं मला सांगता यायचं न्हाई,” ते म्हणाले. “आजची रात मुक्काम करा. उद्या बाराला तुमी सोता काठीपाशी बसा. मग काय लिहायचं ते लिहा.”

मला दुसऱ्या दिवशी नगरला पोचायचं होतं. खरं सांगायचं तर तो ‘सोता’ मला झोंबला. मी परीक्षा घेणारा, मला कोण काठीपाशी बसवणार? मी तिथंच टेबलावर शेरा लिहिला: ‘निरीक्षणकौशल्य कमकुवत. विद्यार्थी परस्परांचे पाहून लिहितात. शिक्षकांना स्वतःलाच मार्गदर्शनाची गरज आहे.’ सही केली. अक्षर फार छान आलं होतं.

पुढे मे महिना आला. सुटी होती आणि बायकोनं गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. कावळे हाकायला मी छत्री घेऊन बसलो होतो. कपड्यांची दोरी बांधलेला बांबू समोर उभा. दूरवर कुठल्याशा कारखान्याचा बाराचा भोंगा झाला तेव्हा माझी नजर सहज बांबूच्या बुडाशी गेली. सावली होती. हातभर लांब, पश्चिमेकडे पडलेली. घड्याळ पाहिलं, बाराच होते. मी उठून बांबूपाशी उकिडवा बसलो. सावली मुंगीच्या चालीनं आत सरकत होती. बारा दहा झाले, बारा वीस झाले, आणि साडेबाराला दोन-तीन मिनिटं कमी असताना ती बुडाशी पार दिसेनाशी झाली. सूर्य तेव्हा कुठं डोक्यावर आला होता.

कारण समजायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही, आणि त्याचीच जास्त लाज वाटली. सगळ्या देशाचं घड्याळ एकच, आणि ते दूर पूर्वेला अलाहाबादकडच्या रेषेवर लावलेलं. आपण तिच्या पश्चिमेला, म्हणून आपल्याकडे सूर्य अर्ध्या तासानं उशिरा माथ्यावर येतो. राजूर आणखी पश्चिमेला, आणि जानेवारीत सूर्य थोडा मागेच चालतो. बारा चाळीस अगदी बरोबर होतं. हे मी भूगोलाच्या तासाला फळ्यावर आकृती काढून शिकवलेलं होतं. कोपरगावच्या चाळीस मुलांनी सावली मोजलीच नव्हती, आणि डोंगरातल्या तेरा मुलांनी मोजली होती. कुरडया कावळ्यांनी विस्कटल्या, बायको बोलली, ते सगळं मी ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, कागदावर आकृती काढून घेतली आणि त्यांना ते पटलंही. मग त्यांनी फाईल पुढे केली. अहवाल मार्चमध्येच वर गेला होता. मार्गदर्शक म्हणून कोपरगावच्या शिक्षकांचं नाव लागलं होतं. डोंगरातल्या गुरुजींकडे, मुलांनी नक्कल कशी केली याचा खुलासा मागवला होता, आणि त्यांचं उत्तरही फाईलला लागलेलं होतं. दोनच ओळी: ‘माझ्या घड्याळात दोष असावा. यापुढे पाठ्यपुस्तकाप्रमाणे शिकवीन.’

त्यांच्या घड्याळात दोष नव्हता. माझ्याच घड्याळाशी ताडलेलं होतं ते.

मी साहेबांना म्हणालो, की चूक माझी आहे, तसं लेखी देतो. ते वैतागले नाहीत, उलट समजुतीच्या सुरात बोलले. उत्तरसूची चुकली असं लेखी दिलं, तर जिल्ह्यातले सगळे पेपर पुन्हा तपासावे लागतील, नावं बदलावी लागतील, वरचे विचारतील की हा प्रश्न काढला कुणी. आणि पुढच्या वर्षी हीच चाचणी पुन्हा घ्यायची आहे. मुलं किती सुधारली याची तुलना करायची, तर प्रश्नही तोच हवा आणि उत्तरही तेच. शेवटी म्हणाले, “तुम्ही अजून कायम झालेले नाहीत, हे लक्षात ठेवा.”

मी लक्षात ठेवलं. लेखी काही न देताच घरी आलो. याला दुसरा शब्द नाही, मी भ्यालो.

पुढच्या जानेवारीत पुन्हा राजूरला उतरलो, पुन्हा पाच मैल चढलो. वाटभर मनात वाक्यं जुळवत होतो. शाळेच्या ओट्यावर उन्हात एक म्हातारी घोंगडी पांघरून बसली होती. माझी चाहूल लागताच तिनं चेहरा वळवला, पण नजर भलतीकडेच होती. बदली झाली नाही म्हणून गुरुजींनी आईलाच इथं आणलं होतं. इथली थंडी तिला सोसत नाही, असं ते नंतर म्हणाले.

मी दारात थबकलो. आत गुरुजी फळ्याजवळ उभे राहून सांगत होते आणि मुलं लिहीत होती. “निरीक्षण. काठीची सर्वांत आखूड सावली दुपारी बारा वाजता पडते.” कपाटाला कुलूप होतं. बाहेर मैदानात काठी कुठंच दिसली नाही.

मला पाहून ते बाहेर आले. मी वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो आणि एवढंच म्हणालो, “गुरुजी, मागच्या साली तुमचंच बरोबर होतं. मी चुकलो.”

“मला ठावं हुतं, साहेब,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं. “तुमी गेल्यावर आमी आठ दिस काठी रोवली. रोज तेच आलं. पोरांनाबी ठावं हाय.”

मी म्हणालो, मला हे मुलांना सांगू द्या. ते बाजूला झाले. मी वर्गात गेलो, फळ्यावर आकृती काढली, आपल्याकडे सूर्य उशिरा माथ्यावर का येतो ते समजावलं. गेल्या वर्षीच्या मुलांचं उत्तर बरोबर होतं आणि साहेबांचं चुकलं होतं, हेही सांगितलं. मुलं लक्ष देऊन ऐकत होती. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही, गुरुजींना विचारलं, “मग वहीत काय लिवायचं, गुरुजी?”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन म्हणून त्यांनी वाट पाहिली. माझ्या पिशवीत त्या दिवशीच्या चाचणीचे कागद होते आणि कागदांखाली उत्तरसूची होती, माझ्याच सुंदर अक्षरात, गेल्या वर्षीचीच.

मी पिशवीचं तोंड आवळून धरलं.

“बारा लिव्हा,” गुरुजी म्हणाले, आणि वर्गानं लिहून घेतलं.