पार्टकाकांचा गुडघा आणि सुनेचा लॅपटॉप

पार्टकाकांच्या घरात अख्खी नवी वस्तू शेवटची कधी आली, हे काकूंनाही आठवत नाही. वस्तू येतात त्या तुकड्यातुकड्यांनी. पंख्याची पाती एका पंख्याची, मोटार दुसऱ्याची, आणि रेग्युलेटर असा की त्याला एक आणि पाच सारखेच. खुर्चीला पाय चार, पण सख्खे भाऊ त्यात दोनच. मिक्सर सुरू करण्याआधी काकू खालच्या शेजारणीला हाक मारून सांगतात, म्हणजे ती दचकत नाही.

साबणाच्या कारखान्यात दुरुस्ती खात्यात त्यांचा जन्म गेला. यंत्र बिघडलं की साहेब म्हणायचे नवं मागवू, आणि हे म्हणायचे पार्ट बदलू. साहेब बदलत गेले, यंत्रं राहिली. तेव्हापासून ते पार्टकाका. खरं नाव आता वीजबिलावरच उरलंय.

कामात मात्र नाव ठेवायला जागा नव्हती. खोललेला प्रत्येक स्क्रू वर्तमानपत्रावर, निघाला त्याच क्रमाने मांडायचा. अडलेल्या नटावर जोर करायचा नाही, तेल सोडायचं आणि वाट बघायची. आणि पार्ट बदलला की जुना पार्ट पुसून मालकाच्या हातात द्यायचा. "नाहीतर बदलला हे त्याला कळणार कसं?" असं ते म्हणत. अशी कामाची चाड असलेली माणसं थोडी. हा माणूस निवृत्त झाल्यावर घरात बसला आणि घराला सुटी राहिली नाही, हा भाग वेगळा.

असं सगळं सुरळीत मोडत आणि दुरुस्त होत असताना डॉक्टरांनी त्यांचा उजवा गुडघा दाबून पाहिला, फोटो काढला आणि सांगितलं, "झिजलाय. बदलावा लागेल."

जे वाक्य पार्टकाकांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं, ते पहिल्यांदाच त्यांना कोणी ऐकवलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "अजून चालतोय की," एवढंच ते बोलले आणि डॉक्टरांच्या समोर उठून चालून दाखवायला गेले. दाराची चौकट धरावी लागली, ती त्यांनी चौकट बघण्यासाठी धरल्यासारखी केली.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जिन्याच्या प्रत्येक वळणावर पार्टकाका थांबतात आणि कठडा हलवून पाहतात. कठडा पक्का निघतो. बरीच वर्षं तो रोज पक्का निघतोय. गुडघ्याचं मात्र कधी उन्हाळ्यामुळे राहिलं, कारण उन्हात जखम चिघळते, आणि कधी थंडीमुळे, कारण थंडीत हाड धरतं. सगळं जग खोलून पाहिलेला माणूस स्वतःला खोलू द्यायला घाबरत होता, हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं. मुलगा मालाची गाडी चालवतो, आठवड्यातून दोन दिवस घरी असतो. त्याने आणि सुनेने पोटाला चिमटा काढून पैसे वेगळे ठेवले, त्यांना घरात गुडघ्याचे पैसे म्हणतात. सुनेने डॉक्टरांकडून तारीखही आणली. ती कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली. पार्टकाकांनी त्यावर चष्म्याची दोरी लटकवली.

आता लॅपटॉपचं.

सून घरी बसून कपाटांची ड्रॉइंग काढते. सुतारकामाचा एक मोठा कारखाना आहे, त्याचा मालक तिला मापं पाठवतो, ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर कपाटं उभी करते. लॅपटॉप तिने जुन्या नोकरीतून निघताना स्वस्तात घेतलेला. तोही आता थकला होता. मालकाच्या गिऱ्हाइकांना हल्ली सपाट चित्र चालत नाही, कपाट चारी बाजूंनी फिरताना बघायचं असतं. सुनेने कपाट फिरवायला घेतलं की चहा उकळून, गाळून, पिऊन होईपर्यंत एक बाजू वळे. मालकाने सांगून टाकलं होतं, महिनाअखेर फिरतं कपाट दाखव, नाहीतर हे काम मागणारी दुसरी माणसं आहेत. काम गेलं तर मुलाच्या एकट्याच्या पगारावर घर ओढणं अवघड, हे सांगायला हिशेब लागत नव्हता.

"प्रोसेसर कमी पडतोय," सून म्हणाली. नवा लॅपटॉप घ्यायला ती थोडे थोडे पैसे बाजूला टाकत होती, पण त्या गतीने लॅपटॉप येईपर्यंत कपाटांची फॅशन गेली असती.

प्रोसेसर म्हणजे काय, असं पार्टकाकांनी विचारलं. सगळं काम तोच करतो, असं तिने सांगितलं.

"म्हणजे मोटार," पार्टकाका म्हणाले, आणि विषय त्यांच्यापुरता संपला. मोटार कमजोर असेल तर मोटार बदलायची. त्यासाठी अख्खा लॅपटॉप घेणं म्हणजे बटण तुटलं म्हणून सदरा टाकणं. सुनेने सांगून पाहिलं की यातला प्रोसेसर बहुतेक बदलता येत नाही. त्यावर ते हसले. माणसाने जोडलेली वस्तू माणसाला खोलता येते, हे त्यांनी काकूंकडे बघून सांगितलं. काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान हलवली ती भाजीसाठी.

दुसऱ्या दिवशी सून काही कामाने बाहेर गेली आणि पार्टकाकांनी वर्तमानपत्र पसरलं.

काकूंनी एकदा विचारलं, "अहो, तिला विचारलंत का?"

"डॉक्टर काय पेशंटच्या सुनेला विचारतो?" असं उत्तर आलं. डॉक्टरांचा दाखला स्वतःहून दिला गेला, हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. मग ते कामाला लागले.

काम त्यांनी झकास केलं, हे कबूल करायला हवं. आधी बॅटरी सुटी केली. स्क्रू क्रमाने मांडले. आतला छोटा पंखा निघाला, त्यात मांजर झोपेल एवढी धूळ होती. ती दात घासायच्या जुन्या ब्रशने काढली. मग तांब्याची चपटी नळी उचलली आणि तिच्याखाली मोटार सापडली. मोटार कसली, नखाएवढी चकचकीत टिकली. तिला ना नट, ना खिट्टी, ना कडी. चारी बाजूंनी बोर्डाला चिकटलेली. पार्टकाकांनी भिंग लावून पाहिलं. माणसाने जोडलेली वस्तू माणसाला खोलता येऊ नये म्हणूनच जोडली होती.

जोर करायचा नाही, हा त्यांचा नियम. त्यांनी केला नाही. इथेच झाकण लावलं असतं तर ही गोष्ट लिहायची गरज नव्हती.

पण टिकलीवर वाळून खडखडीत झालेला राखाडी लेप होता. दुरुस्ती खात्यातला कोणीही माणूस असा लेप बघून जे म्हणेल, तेच ते म्हणाले, "ग्रीस वाळलंय." मग त्यांनी तो चिंधीने स्वच्छ पुसला, माळ्यावरून बेअरिंगच्या ग्रीसचा डबा काढला आणि बोटाने छान जाडसर थर दिला. थोडं पंख्यालाही दिलं, सढळ हाताने. कंजूषपणा त्यांनी ग्रीसच्या बाबतीत कधी केला नाही.

आणि लॅपटॉप चालला. नुसता चालला नाही, पळाला. त्या दिवशी चहा गाळण्याआधीच कपाट फिरलं. सून बघतच राहिली. धूळ निघाल्याने फरक पडला असेल, असं ती म्हणाली. पार्टकाकांनी धुळीला श्रेय दिलं नाही. रात्री मुलाचा फोन आला तेव्हा त्यांनी काकूंच्या हातातून तो घेतला आणि लोक उगाच नवं नवं करतात, यावर त्याचं प्रबोधन केलं. मुलाची गाडी घाटात होती. रेंज गेली.

दुसऱ्या दिवशी सून लॅपटॉप घेऊन मालकाकडे गेली. मालक, त्याचा भाऊ आणि एक मोठं गिऱ्हाईक समोर बसले. कपाटाने पहिला वळसा छान घेतला. दुसऱ्या वळशाला पंखा घरघरला. तिसऱ्याला कपाट अर्ध्यात थबकलं, पडदा काळा झाला आणि खोलीत गॅरेजचा वास पसरला. गिऱ्हाइकाने विचारलं की कपाटाला पॉलिश कुठलं मारणार आहात.

मालकाने तिला आठ दिवस दिले. ते देताना त्याचा चेहरा देणाऱ्याचा नव्हता.

लॅपटॉप दुरुस्त करणारी बाई जिन्याखालच्या खोपटात बसते. दुकान एवढं की गिऱ्हाईक आत आलं की तिला उठता येत नाही. सून काही बोलली नव्हती, आणि तेच पार्टकाकांना जड गेलं होतं. म्हणून गुडघा ओढत तेही सोबत आले होते. बाईने मागचं झाकण काढलं, वाकून वास घेतला आणि विचारलं, "यात ग्रीस कोणी भरलं?"

सून छताकडे बघायला लागली. पार्टकाका कठडा शोधायला लागले, पण दुकानाला कठडा नव्हता.

"मी," ते म्हणाले. "वाळलं होतं."

बाई हसली नाही, हे तिचं मोठेपण. तो लेप उष्णता ओढून घेण्यासाठी असतो, त्याची वेगळी पेस्ट मिळते, बेअरिंगचं ग्रीस तापून पातळ होतं आणि वाहून जातं, असं तिने समजावलं. प्रोसेसरचं विचारल्यावर म्हणाली की तो बोर्डाला कायमचा डकवलेला आहे. बदलायचा तर अख्खा बोर्ड बदला, आणि तेवढ्यात जवळजवळ नवा लॅपटॉप येईल. सगळं पुसून, पेस्ट लावून, मेमरी वाढवून देते, वर्षभर कसाबसा ओढेल, तोवर पैसे साठवा. एवढं बोलून ती ग्रीस पुसायला लागली. एका चिंधीत भागलं नाही.

परत येताना घराच्या जिन्याच्या दुसऱ्या वळणावर पार्टकाका थांबले. कठडा हलवला. पक्का होता. आणि तिथे, उभ्या जन्माचं तत्त्वज्ञान त्यांनी पायरीवर उतरवून ठेवलं.

"पोरी, नवाच घे," ते म्हणाले. "जुन्यात काय जीव घालायचा. गुडघ्याचे पैसे आहेत ना, त्यातून घे. माझं काय, मी चालतोय."

ज्या माणसाने घरात नवा झाडू येऊ दिला नाही, तो नव्या लॅपटॉपची शिफारस करत होता. ऐकणाऱ्याला त्यात त्याग दिसला असता. घरी वर पोचल्यावर त्यांनी तेच पुन्हा सांगितलं तेव्हा काकूंना तो दिसला, काकूंनी डोळ्यांना पदर लावला, आणि पार्टकाकांनी तो लावू दिला. सुनेसाठी आपण एवढं करतोय, असं त्यांना स्वतःलाही वाटायला लागलं होतं. घाबरलेल्या माणसाला औदार्य फार लवकर सुचतं.

सुनेने चप्पल काढली, पाणी प्यायली, आणि कॅलेंडरवरची चष्म्याची दोरी काढून टेबलावर ठेवली. लाल अक्षरं दिसायला लागली. पुढचाच आठवडा.

"बाबा, एक विचारू? या लॅपटॉपचा पार्ट निघत नाही. तुमचा निघतो. मग बदलायचा कुठला?"

पार्टकाकांनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे या प्रश्नाचं उत्तर होतं. ते उत्तर त्यांनीच सगळ्या गल्लीला शिकवलं होतं, त्यामुळे आता नाकारायची सोय नव्हती. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर खाली घेतला होता, आणि त्या चक्क हसत होत्या.

"भीती वाटते," पार्टकाका हळूच म्हणाले.

"माहीत आहे," सून म्हणाली. "मलाही वाटली, मालकासमोर पडदा काळा झाला तेव्हा."

पुढे तिने जे केलं त्यात चमत्कार नव्हता, कष्ट होते. लॅपटॉप पेस्ट आणि मेमरी घेऊन परत आला. पळत नव्हता, पण चालत होता. मालकासमोर कपाट फिरवायचा नाद तिने सोडला. घरीच, स्वयंपाक होईपर्यंत, कपडे वाळेपर्यंत ती लॅपटॉपला एकेक बाजू काढायला लावत बसे, आणि सगळ्या बाजू जोडून तिने फिरत्या कपाटाचा छोटा व्हिडिओ केला. आठ दिवस पुरते व्हायच्या आत मालकाने तो पाहिला आणि गिऱ्हाइकाला दाखवला. कपाट आत्ता फिरतंय की काल फिरून झालंय, हे दोघांनाही कळलं नाही. काम राहिलं. नव्या लॅपटॉपसाठी ती पूर्वीसारखीच थोडे थोडे बाजूला टाकते. घाईने आलेली अक्कल आणि घाईने आलेली वस्तू, दोन्हीचा हप्ता मोठा असतो.

तारखेच्या दिवशी पार्टकाका पहाटेच तयार झाले. दाढी केली, गुडघाही साबणाने दोनदा धुतला. पार्ट बदलायला देताना पुसून द्यावा, ही जुनी शिस्त. दवाखान्याच्या खाटेवर ते पडले होते, काकू पायाशी, आणि सून कोपऱ्यातल्या खुर्चीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन. डॉक्टर आले आणि काही विचारायचंय का, असं म्हणाले.

पार्टकाकांनी विचारलं की गुडघा बोर्डाला डकवलेला तर नाही ना. डॉक्टरांना प्रश्न कळला नाही, पण ते नाही म्हणाले.

"मग जुना मला दाखवा. पुसून, हातात द्या."

तसं काही करत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

"अहो, मग बदलला हे मला कळणार कसं?"

कोपऱ्यातून, पडद्यावरची नजर न हलवता, सून म्हणाली, "जिना चढलात की कळेल, बाबा. कठडा तपासायची गरज पडणार नाही."

पार्टकाकांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिच्या मांडीवर एक कपाट सावकाश, अगदी सावकाश, वळत होतं.