पदातलं ‘नाय’

माझे वडील मिठागरात राबायचे. गावच्या संगीत नाटकात ते नायकाचं पद म्हणत आणि त्यातल्या ‘नाही’चं हमखास ‘नाय’ करत. माझ्या साखरपुड्यात त्यांनी तेच पद धरलं, तेव्हा शहरी सासरच्यांसमोर मी म्हणालो, “बाबा, बस करा. लोक हसतायत.” कोणीच हसत नव्हतं, लाज मला वाटत होती. “बरं, नाय गात,” ते म्हणाले आणि मरेपर्यंत गायले नाहीत. मी माफीही मागितली नाही.

परवा नवीन पनवेलच्या नाट्यगीत स्पर्धेत मी ते पद त्यांच्यासारखंच म्हटलं. परीक्षक म्हणाले, “काका, शब्द ‘नाही’ आहे. सुधारून म्हणा, नंबर येईल.” मी पुन्हा म्हटलं, ‘नाय’सकट आणि जास्त मोठ्यानं.