ज्वारीत टांगलेली डिस्क

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लोहारा तालुक्यातल्या आमच्या शेतातल्या घरी सव्वीस वर्षं पाऊस मोजला. रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचं आणि आकडा वहीत लिहायचा. पाऊस नसला तरी शून्य लिहायचं. त्या सगळ्या नोंदी मी आमच्या जुन्या कंप्युटरवर चढवल्या. एकदा माझ्याकडून तीनच्या जागी साडेतीन मिलिमीटर पडले, तर त्यांनी आख्खा महिना पुन्हा तपासायला लावला.

तीन वर्षांपूर्वी अण्णांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांच्या खाटेशेजारी ठेवलेल्या कंप्युटरवरून त्या तारखेचे सव्वीस वर्षांचे आकडे वाचत असे. बरोबर आकड्याला ते मान हलवत. मी चुकून वरची ओळ वाचली की डावा हात उचलून थांबवत. आमच्यात तेवढंच बोलणं उरलं होतं.

गेल्या पौषात कंप्युटरची हार्ड डिस्क गेली. नोंदींच्या दोन प्रती मी वेगळ्या ठेवल्या होत्या, पण त्या उघडणारा प्रोग्रॅम फक्त जुन्या ऑपरेटिंग सिस्टमवर चालायचा. मुलीच्या लॅपटॉपवर नुसत्या चौकटी दिसत. मूळ वह्या वाळवीनं संपवल्या होत्या. "कागदावर छापून ठेवा," असं बायको किती वेळा म्हणाली असेल, तेवढं मात्र मी मोजलेलं नाही.

नवी हार्ड डिस्क बसवून मी ती सिस्टम चढवायची डिस्क, म्हणजे सीडी, घातली, तर ती पहिल्याच पायरीवर अडली. ती अपग्रेडची होती. आधीच्या सिस्टमवरच ती चढते. यंत्र कोरं असेल तर आधीची डिस्क दाखवा म्हणते. ती आधीची डिस्क मी रीतसर विकत घेतली होती, पावती अजून फायलीत आहे. अपग्रेड झाल्यावर तिचं काम संपलं असं मी ठरवलं आणि पाखरं उठवायला ज्वारीत टांगायला दिली. आमच्याकडं सगळेच टांगतात.

बायकोला घेऊन शेतात गेलो. सुतळीवर अकरा डिस्क होत्या. नववी ती निघाली. मुलामा पापुद्र्यापापुद्र्यानं सुटलेला, आरपार ऊन दिसत होतं.

"अहो, हीच का?"

"हीच."

"तुम्हीच दिली होती की. वर सांगितलं, भोकात सुतळी घाल, तार नको, तारेनं चरे पडतील."

मुरुम गावचा कंप्युटर दुकानदार माझ्याच वयाचा. ऐकून तो हसला.

"मालक, हे आता कुठं मिळतंय? धा वर्षांमागं आला असता तर वंजळभर कॉप्या दिल्या असत्या."

"तेव्हा तुम्ही देतच होता. कॉपी वापरणार नाही, असं मीच म्हणालो होतो."

"व्हय की! लई इमानदार गिऱ्हाईक. भोगा आता." मग त्याला माझी दया आली असावी. "असं करा. अपग्रेडच्या डिस्कवर माल समदा पुराच असतोय. दारात फकस्त एक राखणदार बसवलेला असतोय. त्याला उठवा, अन् बाकीचं कोऱ्या डिस्कवर उतरवा."

तीन कोऱ्या डिस्क घेऊन घरी आलो. अपग्रेडच्या डिस्कवरचं सगळं लॅपटॉपवर उतरवलं, आधीची सिस्टम तपासणारी फाइल शोधून तिच्यातली ओळ बदलली, आणि नवी डिस्क लिहिली. पहिली सुरूच झाली नाही. सुरुवातीचा भाग टाकायचा राहिला होता. दुसरी सुरू झाली. आधीची डिस्क तिनं मागितली नाही. मी बायकोला हाक मारली. एकोणचाळीस टक्क्यांवर ती थांबली: एक फाइल वाचता येत नाही. मूळ डिस्क उजेडात धरली, तर कडेला केसाएवढा चरा होता. सहा हजारांवर फायलींतली ती एकच अर्धवट उतरली होती. ती पुन्हा उतरवायचा मी सहा वेळा प्रयत्न केला. तिसरी डिस्कही एकोणचाळीसवरच थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा वाट बघत होते. आकडे छापून आणल्यासारखा मी कोरा कागद हातात धरला आणि शून्य म्हणालो, सव्वीस वेळा. पौष-माघातले दिवस बहुतेक कोरडेच. त्यामुळं आपण फारसं खोटं बोलत नाही, अशी मी मनाची समजूत घातली. अण्णा मान हलवत होते. असे अठ्ठावीस दिवस गेले.

मग गारपिटीची तारीख आली. नोंदी सुरू केल्यापासून अकराव्या वर्षी त्या दिवशी उभी ज्वारी आडवी झाली होती. अण्णांनी मापकातल्या गारा वितळेपर्यंत तिथंच बसून साडेएक्केचाळीस मिलिमीटर लिहिले होते. तो आकडा मला पाठ आहे. दरवर्षी मी त्या ओळीला पोचण्याआधीच त्यांचा हात उठायचा.

अकराव्या आकड्याला मी शून्य म्हणालो आणि त्यांच्या डाव्या हाताकडं बघत थांबलो. हात चादरीवरच राहिला. त्यांनी मान हलवली.

"अण्णा, चुकलो. साडेएक्केचाळीस. गारा."

त्यालाही त्यांनी मान हलवली. तशीच, तेवढीच.

उरलेली पंधरा वर्षं मी वाचून पूर्ण केली.