दुष्काळ वजा करून बघा

साइटवर खडी आणि किस्से, दोन्ही साचतच जातात. खडी निदान घनफुटात मोजता येते!

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. तिथल्या एका नव्या सरकारी इमारतीचं काम नांदेडच्या आमच्या कंपनीकडे होतं. मालक अप्पा, उदगीरचे. कपाळावर भस्म, बोलणं रोखठोक. त्यात दुष्काळ पडला आणि काम रखडलं. मुदतवाढ नाही मिळाली तर कंपनी काळ्या यादीत आणि आम्ही सगळे घरी! उशीर कशामुळे झाला हे कागदावर दाखवायचं काम कुलकर्णी सरांकडे आणि त्यांच्या हाताखाली माझ्याकडे आलं.

*

सरांनी आधी सोपी पद्धत धरली. ठरलेलं काम आणि झालेलं काम, दोन बार चार्ट शेजारी शेजारी.

अप्पा बघतच राहिले. “गवंडी लग्नाला गेले ते बी दिसायलंय की!”

“दिसणारच. खरं आहे ते.”

“मग दुसरी पद्धत काढा!”

*

दुसऱ्या पद्धतीत सरांनी मूळ चार्टमध्येच लाल पेन्सिलीने दुष्काळ घुसवला. काम संपायची तारीख लांब पुढे पळाली. अप्पा खूश!

“म्हंजे आपुन तर लई लवकर काम करायलोय!”

“अप्पा, इमारतीला अजून स्लॅब नाही.”

*

खरी अडचण वेगळीच होती. आमचा पाण्याचा टँकर साइटवर रोज येत होता आणि बांधकाम खात्याला ते माहीत होतं. पाणी होतं, तर स्लॅब का टाकला नाही? अप्पांना विचारलं की ते विषय बदलायचे.

शेवटी मीच लातूरला गेलो. टँकर आला आणि मागोमाग अख्खी गल्ली घागरी घेऊन आली. खाकीतला एक शिपाईसुद्धा दोन पितळी घागरी घेऊन रांगेत. पाइप धरून स्वतः अप्पा!

“अप्पा, हे स्लॅबचं पाणी आहे!”

“स्लॅब काय तहानेनं मरायलाय का?”

मला रागही आला आणि त्यांचा अभिमानही वाटला. हे नांदेडला येऊन सांगितलं तेव्हा सर बराच वेळ हसत होते.

*

मग सरांनी तिसरी पद्धत निवडली. जे घडलं ते सगळं मांडायचं आणि त्यातून दुष्काळ वजा करायचा.

“दुष्काळ नसता तर नळाला पाणी असतं. नळाला पाणी असतं तर घागरी आल्या नसत्या. घागरी नसत्या तर स्लॅब झाला असता! फक्त लग्नाचा उशीर आपल्या अंगावर घ्यावा लागेल.”

“हाव, घेऊ की,” अप्पा म्हणाले. “जेवण बी लई चांगलं होतं.”

*

सुनावणी खात्याच्या भाड्याच्या खोलीत होती. शिपायाने आमच्यापुढे पाण्याचे ग्लास ठेवले. तोच, रांगेतला!

खात्याच्या साहेबांनी सगळे चार्ट वाचले. “टँकर तर रोज येत होता. पाणी गेलं कुठे?”

सर काही बोलायच्या आत अप्पा म्हणाले, “म्या वाटलं, साहेब.”

संपलं, असं मला वाटलं. आपणहून वाटलेल्या पाण्यासाठी कोण मुदतवाढ देणार?

“कुणाला वाटलं? नावं सांगा.”

“नावं हाईत की, घागरीवर कोरलेली. पण म्या वाचली न्हाईत.”

दाराशी शिपाई छताकडे बघत होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, पेन उघडलं आणि मुदतवाढीवर सही केली. माझा जीव भांड्यात पडला!

आम्ही उंबऱ्यापर्यंत पोचलो तेवढ्यात मागून साहेबांची हाक आली.

“अप्पा, उद्या टँकर किती वाजता?”