तीस अंशांवर वाढलेला जंतू

पनवेलच्या आमच्या लॅबमध्ये मास स्पेक्ट्रोमीटर आला, तेव्हा मला तिथे जंतू तपासायच्या विभागात नोकरीला लागून काही वर्षं झाली होती. पूर्वी जंतू वाढला तरी त्याची ओळख पटवण्यात आणखी दिवस जायचे. या यंत्रात वाढलेल्या जंतूचा एवढासा ठिपका ठेवायचा. लेझरने त्यातली प्रथिनं उडतात, हलकी आधी पोचतात, जड मागाहून. त्यातून उमटणारा आलेख ज्या जंतूशी जुळतो, त्याचं नाव काही मिनिटांत पडद्यावर येतं.

एके दिवशी उरणकडच्या एक मासेविक्रेत्या मावशी आपल्याच जखमेतून काढलेल्या तुकड्याची बाटली घेऊन आल्या. बोट सुजलेलं, मनगटापासून कोपरापर्यंत गाठी. दोन ठिकाणी तपासूनही काही वाढलं नव्हतं. सर्जन बोट काढायचं म्हणत होते.

"कशानं झालं, मावशी?"

"शिंगाल्याचा काटा घुसला. मंग भरलाच नाय," त्या म्हणाल्या. "बोट गेला त मी म्हावरा कापू कशी, बाय?"

माशाच्या काट्याचं ऐकून मी थबकले. आम्ही नमुने सदतीस अंशांवर ठेवतो, माणसाच्या अंगाच्या उबेला. पाण्यातल्या जंतूला ती ऊब मानवतेच असं नाही. मी अर्धा नमुना वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे उबवणीच्या पेटीत, तीस अंशांवर ठेवला.

"किती दिवस अडवणार इन्क्युबेटर?" आमच्या प्रमुख सरांनी विचारलं.

"वाढेपर्यंत, सर."

ते हसले, पण नाही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात तीस अंशांवरच्या नमुन्यात बारीक दाणे दिसले. उजेडात ठेवले तर पिवळे पडले. या जंतूचं आवरण मेणासारखं चिवट, म्हणून तो आधी मारून, फोडून मग यंत्रात घालावा लागतो. पहिल्या वेळी पडद्यावर आलं, ओळख पटली नाही. मी सगळं पुन्हा केलं, जरा जास्त वेळ फोडलं. या वेळी नाव आलं: मायकोबॅक्टेरियम मरायनम. क्षयाच्या जंतूचा भाऊबंद, पाण्यात राहणारा, माशांना होणारा.

मी लगेच सर्जनना फोन केला. त्यांनी नाव लिहून घेतलं. मग म्हणाले, "याला गोळ्या आहेत. बोट राहू दे."

काही महिने औषध चाललं. मग मावशी हात दाखवायला आल्या. बोटावर फक्त वण उरला होता. त्यांना यंत्र बघायचं होतं.

"ह्यानं सांगितला व्हय?"

सर मागेच उभे होते. "नाव यंत्रानं सांगितलं," ते म्हणाले, "पण जंतू वाढवला हिनं."

मावशींनी त्याच हाताने माझा गाल कुरवाळला.

संध्याकाळी सुकापूरला घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. तिनं ते नाव माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतलं. दुसऱ्या दिवशी जिन्यात शेजारच्या काकूंना ती गोष्ट सांगत होती. 'मरायनम' तिनं अगदी बरोबर उच्चारलं.